पराभवानंतरचा सेनापती : जेम्स लाँगस्ट्रीट

(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काही जणांनी मला आधीच विचारलं, अमेरिकेतल्या दीडशे वर्षांपूर्वीच्या सेनापतीशी आपला काय संबंध? प्रश्न रास्त आहे. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. इंजिनिअरिंग केलं आणि सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. कामामुळे बरीच वर्षं अमेरिकेतल्या टीमबरोबर रात्रीचे कॉल असायचे. 2017 मध्ये न्यू ऑर्लीन्स शहरातून जनरल रॉबर्ट ली यांचा पुतळा हटवला गेला, तेव्हा त्या कॉलवर कामापेक्षा पुतळ्याची चर्चा जास्त झाली. मग मी वाचायला लागलो. वाचता वाचता एक नाव सतत समोर यायला लागलं : जेम्स लाँगस्ट्रीट. लीच्या खालोखालचा अधिकारी, तरी दक्षिणेत त्याचे पुतळे जवळजवळ नाहीत. ली चौकाचौकात उभा आणि त्याचा उजवा हात समजला जाणारा माणूस गायब, असं का? आज त्याबद्दल बोलायचं आहे.

आधी युद्धाची थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेचं यादवी युद्ध 1861 ते 1865 असं चाललं. दक्षिणेच्या अकरा राज्यांनी देशातून फुटून वेगळं राष्ट्र जाहीर केलं होतं. त्या वेळी अमेरिकेत सुमारे 40 लाख माणसं गुलाम होती. सहा लाखांहून जास्त सैनिक या युद्धात मेले. पुढे अनेकांनी सांगितलं की भांडण राज्यांच्या हक्कांचं होतं. पण दक्षिणेचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याने मार्च 1861 मध्ये सवाना शहरातल्या भाषणात स्पष्ट सांगितलं होतं की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हाच आमच्या नव्या राज्याचा पाया आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण लाँगस्ट्रीट चार वर्षं याच बाजूने लढला.

त्याचा जन्म 8 जानेवारी 1821 चा, साउथ कॅरोलायनामधला. वडील लवकर गेले. काका ऑगस्टस लाँगस्ट्रीट यांनी त्याला वाढवलं. काका वकील, लेखक आणि गुलामगिरीचे कट्टर समर्थक. मुलगा वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत गेला. अभ्यासात त्याची गती बेताचीच. 1842 ला बाहेर पडला तेव्हा 56 जणांत त्याचा नंबर 54 वा होता. टॉपर नसलेल्या सगळ्यांना तेवढाच दिलासा! तिथेच त्याची एक वर्ष मागे असलेल्या युलिसिस ग्रांटशी दोस्ती झाली. पुढे ग्रांटने लग्न केलं ते लाँगस्ट्रीटच्या दूरच्या नात्यातल्या ज्युलिया डेंटशी. हा धागा पुढे फार कामाला येणार आहे.

मेक्सिकोच्या युद्धात 1847 मध्ये चापुल्तेपेकच्या गडावर चढताना लाँगस्ट्रीटच्या मांडीत गोळी लागली. त्यानंतर सैन्यातली साधी नोकरी. 1861 मध्ये युद्ध पेटलं, त्याने राजीनामा दिला आणि तो दक्षिणेच्या फौजेत गेला.

जानेवारी 1862 मध्ये रिचमंड शहरात स्कार्लेट फीव्हरची साथ आली. त्याची तीन मुलं काही दिवसांत दगावली. तेव्हापासून हा पत्ते खेळणारा, हसणारा माणूस अबोल झाला, असं त्याच्याबरोबरच्या लोकांनी लिहून ठेवलं आहे. थोड्याच महिन्यांत तो लीच्या फौजेतला सर्वांत विश्वासू सेनापती झाला. ली त्याला आपला जुना लढाऊ घोडा म्हणायचा.

सेनापती म्हणून त्याचं वैशिष्ट्य काय? तो माणसं उगाच मारायला तयार नसे. नव्या बंदुकांचा पल्ला वाढला आहे, उघड्या मैदानातून चालून जाणं म्हणजे आत्महत्या आहे, हे त्याला इतरांच्या आधी कळलं. डिसेंबर 1862 मध्ये फ्रेडरिक्सबर्गला त्याची माणसं टेकडीखालच्या दगडी भिंतीमागे उभी राहिली. उत्तरेची फौज लाटेमागून लाट त्या भिंतीवर आली. त्या लढाईत उत्तरेचे बारा हजारांहून जास्त सैनिक मेले, जखमी झाले किंवा हरवले. भिंत पडली नाही.

मग जुलै 1863, गेटिसबर्ग. तीन दिवसांची लढाई. उत्तरेची फौज उंचावर होती. लाँगस्ट्रीटचं म्हणणं होतं की समोरून धडक देऊ नका, डावीकडून वळसा घालून त्यांच्या आणि वॉशिंग्टनच्या मध्ये जाऊन बसा, मग त्यांनाच आपल्यावर चालून यावं लागेल. लीने ऐकलं नाही. 2 जुलैला लाँगस्ट्रीटच्या तुकड्यांचा हल्ला दुपारी चारच्या सुमारास सुरू झाला. प्रचंड नुकसान झालं, डोंगर मिळाला नाही. 3 जुलैला लीने सुमारे साडेबारा हजार माणसं उघड्या शेतातून समोरच्या तोफांवर पाठवायचं ठरवलं. लाँगस्ट्रीटने विरोध केला. हुकूम कायम राहिला. जनरल पिकेटने त्याला विचारलं, निघू का? त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही, त्याने फक्त मान हलवली. गेलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. परत येणाऱ्या सैनिकांना ली स्वतः सांगत होता की चूक माझी आहे.

पण गेटिसबर्गच्या याच मोहिमेत दुसरीही गोष्ट घडत होती. लीच्या फौजेने पेनसिल्व्हेनियातून काळी माणसं पकडून दक्षिणेकडे नेली. त्यांत जन्मापासून स्वतंत्र असलेलेही होते. पकडलेल्या काळ्या लोकांना बरोबर घेऊन या, असा उल्लेख लाँगस्ट्रीटच्या कार्यालयातून पिकेटला गेलेल्या लेखी हुकुमात आहे. त्याला नायक करायची घाई झाली की हा कागद डोळ्यांसमोर आणावा.

पुढे सप्टेंबरमध्ये चिकमॉगाला त्याने मोठा विजय मिळवून दिला. नंतर स्वतंत्र नेतृत्व मिळालं तेव्हा नॉक्सव्हिलला तो सपशेल फसला. 6 मे 1864 ला व्हर्जिनियाच्या जंगलात त्याच्याच बाजूच्या सैनिकांची गोळी चुकून त्याच्या गळ्यातून आणि खांद्यातून गेली. उजवा हात लुळा पडला. तो डाव्या हाताने लिहायला शिकला. ऑक्टोबरमध्ये तो परत आला आणि लीने त्याची तुकडी पुन्हा त्याच्याच हाती दिली.

9 एप्रिल 1865 ला अ‍ॅपोमॅटॉक्सला शरणागती झाली. समोर विजेता होता ग्रांट, तोच कॉलेजातला दोस्त. अटी उदार होत्या. घरी जा, घोडे घेऊन जा, पुन्हा शस्त्र धरू नका. ग्रांट लाँगस्ट्रीटला भेटला तो जुन्या मित्रासारखा.

साथींनो, बहुतेक पुस्तकं इथे थांबतात. माझ्या दृष्टीने तो खरा महत्त्वाचा होतो तो यानंतर.

लाँगस्ट्रीट न्यू ऑर्लीन्सला गेला. कापसाचा व्यापार, विमा कंपनी, बरं चाललं होतं. मार्च 1867 मध्ये अमेरिकेच्या संसदेने पुनर्रचनेचे कायदे केले. दक्षिणेच्या राज्यांना देशात परत यायचं असेल तर काळ्या पुरुषांना मतदानाचा हक्क द्यावा लागेल, असं ठरलं. दक्षिणेत संताप उसळला. बहिष्कार टाका, विरोध करा, असं प्रत्येक जण सांगत होता. त्या वेळी लाँगस्ट्रीटने वर्तमानपत्रांत पत्रं लिहिली. म्हणणं सरळ होतं : आपण तलवारीने फैसला मागितला, फैसला आपल्या विरोधात गेला, आता जिंकणाऱ्याचा कायदा मान्य करणं हाच इमानदार मार्ग आहे. जूनमधलं पत्र छापण्याआधी त्याने काकांना दाखवलं. काकांनी बजावलं की हे छापलंस तर बरबाद होशील. त्याने छापलं.

काकांचं म्हणणं खरं ठरलं. धंदा बसला. जुने मित्र रस्त्यात ओळख दाखवेनात. वर्तमानपत्रांनी त्याला गद्दार ठरवलं. दक्षिणेतल्या ज्या गोऱ्यांनी पुनर्रचनेला साथ दिली त्यांच्यासाठी खास शिवी होती, स्कॅलावॅग, म्हणजे हलकट. हा सगळ्यांत मोठा स्कॅलावॅग ठरला.

त्याचं मन एका रात्रीत पालटलं असं समजू नका. पत्रांत त्याने हिशेबही मांडला होता. काळे लोक मत देणारच असतील तर त्या मतांची दिशा ठरवण्यात आपला हात असू द्या, हा विचार त्यात होता. समतेच्या ध्यासाने पेटलेला तो माणूस नव्हता. पण पत्रं लिहून तो थांबला नाही. तो लिंकनच्या रिपब्लिकन पक्षात गेला. 1869 मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या ग्रांटने त्याला न्यू ऑर्लीन्स बंदरावर जकात खात्यात मोठं पद दिलं. मग तो लुइझियाना राज्याच्या मिलिशियाचा प्रमुख झाला. या फौजेत काळे आणि गोरे दोन्ही होते. ज्याची माणसं काही वर्षांपूर्वी काळ्यांना पकडून नेत होती, तो आता काळ्या सैनिकांचा सेनापती होता.

लुइझियानाची जवळपास निम्मी लोकसंख्या काळी होती. 1872 च्या डिसेंबरात पिंचबॅक नावाचा काळा नेता काही आठवडे तिथला गव्हर्नरही झाला. प्रतिक्रिया भयानक आली. 13 एप्रिल 1873, ईस्टरचा दिवस. कोलफॅक्स गावात कचेरीचा ताबा घेऊन बसलेल्या काळ्या नागरिकांवर गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने हल्ला केला. कित्येकांना शरण आल्यानंतर मारलं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1876 मध्ये आरोपी सुटले.

इथे आपल्या मातीतली एक तारीख सांगतो. त्याच 1873 साली पुण्यात महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी गुलामांना दास्यातून मोकळं करायला स्वार्थत्याग केला. पुण्यात ते पान छापलं जात होतं तेव्हा लुइझियानात त्या मुक्तीचा अर्थ काय, यावर रक्त सांडत होतं. कायद्याने सुटका झाली होती, पण मत देणं, कचेरीत बसणं, ज्युरीत बसणं हे हक्क प्रत्यक्षात टिकतात का, हा प्रश्न उघडाच होता.

14 सप्टेंबर 1874. ‘व्हाइट लीग’ नावाच्या संघटनेची हजारो माणसं निवडून आलेलं सरकार उलथवायला न्यू ऑर्लीन्सच्या रस्त्यावर उतरली. त्यांत अनेक जण दक्षिणेच्या फौजेतले माजी सैनिक. समोर कॅनॉल स्ट्रीटवर पोलीस आणि काळ्या-गोऱ्यांची मिलिशिया. त्यांच्या पुढे 53 वर्षांचा, एका हाताने अधू लाँगस्ट्रीट. त्याला घोड्यावरून ओढून पाडलं, तो जखमी झाला, कैद झाला. दोन्ही बाजूंची मिळून तीसेक माणसं मेली. सरकार पडलं. तीन दिवसांनी ग्रांटच्या केंद्रीय फौजेमुळे ते परत आलं. पण 1877 मध्ये केंद्राने दक्षिणेतून लक्ष काढून घेतलं आणि काळ्यांचे हक्क पुढच्या जवळपास नव्वद वर्षांसाठी कागदावरच राहिले.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. आमच्याकडे सिस्टिम कोसळली की बैठक होते आणि पहिला नियम असतो : लॉग वेळेनुसार लावा. कोण काय सांगतो ते नंतर, कधी काय घडलं ते आधी. लाँगस्ट्रीटवरचा आरोप असाच लावून बघू.

आरोप असा : 2 जुलै 1863 ला लीने सूर्योदयाला हल्ला करायचा हुकूम दिला होता. लाँगस्ट्रीटने मुद्दाम दुपारपर्यंत उशीर केला. म्हणून गेटिसबर्ग हरलो, म्हणून युद्ध हरलो.

आता तारखा. लढाई जुलै 1863 ची. लाँगस्ट्रीटची पत्रं 1867 ची. लीचा मृत्यू ऑक्टोबर 1870 चा. जनरल जुबल अर्ली याचं लाँगस्ट्रीटवर हल्ला चढवणारं गाजलेलं भाषण जानेवारी 1872 चं, लीच्या जयंतीदिवशी. सूर्योदयाच्या हुकुमाचा किस्सा विल्यम पेंडलटनने जाहीर व्याख्यानात सांगितला तो जानेवारी 1873 मध्ये. म्हणजे लढाईनंतर साडेनऊ वर्षांनी, लाँगस्ट्रीटने पक्ष बदलल्यानंतर आणि ज्याला विचारता आलं असतं तो ली गेल्यानंतर.

दुसरी पायरी, साक्षीदार. लाँगस्ट्रीटने 1875 मध्ये लीच्या खास स्टाफमधल्या टेलर, मार्शल, व्हेनेबल आणि लाँग या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून विचारलं. असा हुकूम आम्हाला माहीत नाही, असं त्यांनी कळवलं.

तिसरी पायरी, आरोप करणाऱ्याचा स्वतःचा रेकॉर्ड. अर्लीने 1864 मध्ये शेनांडोआच्या खोऱ्यात आपली फौज घालवली आणि लीने मार्च 1865 मध्ये त्याला पदावरून दूर केलं. गेटिसबर्गच्या पहिल्या संध्याकाळी टेकडी घेता आली असती, ती घेतली नाही, असं ज्यांच्याबद्दल विचारलं जातं त्यांत तोही येतो. दोष दुसरीकडे वळवण्यात त्याचा फायदा होता.

मग लाँगस्ट्रीट निर्दोष होता का? नाही. 2 जुलैला त्याच्या हालचाली संथ होत्या, मनातली नाराजी कामात दिसली, असं अनेक गंभीर इतिहासकार मानतात. उत्तर देताना त्यानेही घोळ घातला. लेखांत आणि 1896 च्या आत्मचरित्रात त्याने लीवर जाहीर टीका केली, कधी फुशारकी मारली, तपशिलात घसरला. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. पण टीका एक गोष्ट आणि सगळं युद्ध एका माणसामुळे हरलो ही दुसरी. दुसरी गोष्ट तयार करावी लागली, कारण तिची गरज होती. ली देवासारखा, दक्षिणेचं कारण पवित्र, तर मग पराभव कसा झाला? एक गद्दार लागतो. आणि समोर होताच, काळ्यांच्या मतदानाला साथ देणारा.

या प्रचाराला इतिहासात ‘लॉस्ट कॉज’ म्हणतात. तो फक्त पुस्तकांत राहिला नाही. 1891 मध्ये न्यू ऑर्लीन्समध्ये स्मारक उभं राहिलं, ते लाँगस्ट्रीटविरुद्ध लढलेल्या व्हाइट लीगच्या माणसांचं. 1932 मध्ये त्यावर गोऱ्यांच्या वर्चस्वाचा उघड उल्लेख कोरला गेला. ते 2017 च्या एप्रिलमध्ये रात्रीच्या अंधारात, पोलीस बंदोबस्तात, तोंड झाकलेल्या कामगारांनी उतरवलं. सरकार उलथवणाऱ्यांचं स्मारक सव्वाशे वर्षं टिकलं. गेटिसबर्गच्या रणभूमीवर लाँगस्ट्रीटचा पुतळा बसला तो थेट 1998 मध्ये. त्याला चौथरा नाही, घोडा जमिनीवरच उभा आहे.

उरलेलं आयुष्य थोडक्यात. तो जॉर्जियातल्या गेन्सव्हिलला राहायला गेला. 1880 मध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, सुलतान अब्दुल हमीद दुसरा यांच्या दरबारी गेला आणि दुसऱ्याच वर्षी परतला. 1889 मध्ये घर जळालं. 1897 मध्ये 76 व्या वर्षी त्याने हेलन डॉर्च हिच्याशी लग्न केलं, ती 34 वर्षांची. 2 जानेवारी 1904 ला तो वारला. सवानाच्या एका महिला संघटनेने अंत्यविधीला फुलं पाठवायला नकार दिला. हेलनने त्याच्या बचावासाठी पुस्तक लिहिलं. दुसऱ्या महायुद्धात, ऐंशीच्या घरात, ती विमानाच्या कारखान्यात काम करत होती आणि 1950 मध्ये तिने जॉर्जियाच्या वंशवादी गव्हर्नरविरुद्ध निवडणूक लढवली.

साथींनो, आपल्यापैकी अनेकांनी गद्दार हा शब्द ऐकला आहे. कधी बाहेरून, कधी आपल्याच मोहल्ल्यातून, वेगळा विचार मांडला म्हणून. लाँगस्ट्रीटला तो त्याच्याच माणसांनी चिकटवला. तो शब्द ऐकला की माझ्या डोक्यात आता तीन प्रश्न येतात, ते तुम्हाला देतो. हा आरोप पहिल्यांदा कधी झाला? त्या वेळी कोण जिवंत होतं, त्यांना कुणी विचारलं का? आणि तो खरा मानला तर कुणाची सोय होते? व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या इतिहासाला हे तीन प्रश्न विचारून बघा. आपल्या बाजूच्या इतिहासालाही विचारा, तिथे ते जास्त अवघड जातात.

आणि लाँगस्ट्रीटला संत करू नका. गुलामगिरीच्या बाजूने तो चार वर्षं लढला, ते पुसता येत नाही. कोलफॅक्सला मेलेले, कॅनॉल स्ट्रीटवर उभे राहिलेले काळे सैनिक, त्यांच्यापैकी बहुतेकांची नावंही आपल्याला माहीत नाहीत. धोका त्यांनी जास्त पत्करला होता. पुढच्या वेळी कुणीतरी त्यांच्यावर बोलावं, अशी माझी इच्छा आहे. तयारी करणाऱ्याला वाचायची पुस्तकं मी देईन.

आता प्रश्न विचारा.